रिले कुठाय? गाडीच्या पंख्याची उशिरा सुरू झालेली गोष्ट

आजचा भाग एका वासापासून सुरू होतो. जळक्या प्लॅस्टिकच्या वासापासून.

खंबाटकी घाट, मे महिना, दुपारी साडेबाराचा सुमार. मामाची फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला पद्मिनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मामा चालवतोय, मी शेजारी, मागे आजी आणि तिच्या पायाशी आंब्याची पेटी. पुढे कुठंतरी ट्रेलर बंद पडलेला, त्यामुळे अख्खा घाट दहा पावलं पुढे, दोन मिनिटं उभा, अशा चालीनं चढतोय. तापमानाचा काटा हळूहळू वर. आजूबाजूला दोनतीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या.

मी मात्र निवांत होतो. कारण दोनच दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हातानं त्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा बसवला होता. भंगारातल्या मारुती ८०० चा पंखा, रेडिएटरच्या पुढच्या बाजूला पट्ट्या मारून बसवलेला, आणि डॅशबोर्डखाली एक काळा स्विच. मामा म्हणाला, "हं, आता दाव तुझं इंजिनिअरिंग." मी स्विच दाबला. पुढून घूं आवाज आला. काटा थांबला. दोन मिनिटांनी चक्क खाली यायला लागला. मामानं माझ्याकडे जे बघितलं ना, तसं माझ्या डिग्रीच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

दहाएक मिनिटांनी मागून आजी म्हणाली, "काहीतरी करपतंय रे."

मी स्विचला हात लावला आणि बोट भाजलं. डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ येत होती. स्विच बंद केला, मामानं गाडी डाव्या कडेला घेतली, आजीला उतरवलं, मी धावत जाऊन बॅटरीचं टर्मिनल काढलं. खाली वाकून बघितलं तर माझ्या वायरचं आवरण वीतभर वितळलेलं, आतलं तांबं उघडं पडलेलं, आणि ते गाडीच्या मूळ वायरांच्या जुडग्याला चिकटलेलं. त्याच्या बरोबर वर आजीनं बाहेरून विणून दिलेलं कापडी कव्हर. अजून पाच मिनिटं गेली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

मग आमचं जे झालं ते चाळीस वर्षांपूर्वीही असंच झालं असतं. बॉनेट उघडं, रेडिएटरवर ओलं फडकं, इंजिन निवेपर्यंत वाट. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे इथे सांगून टाकतो. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, झाकण काढलं की ते सरळ तोंडावर येतं.) ट्रेलर हलला, रस्ता मोकळा झाला, वारा लागला आणि आम्ही काही न होता कोल्हापूरला पोचलो.

दुसऱ्या दिवशी मामा मला त्याच्या नेहमीच्या वायरमनकडे घेऊन गेला. साठीचे गृहस्थ. त्यांनी बॅटरी टॉर्चनं खाली बघितलं, काळा स्विच हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि दोनच शब्द बोलले.

"रिले कुठाय?"

मला रिले म्हणजे काय ते माहीत होतं. बीटेकला प्रॅक्टिकलमध्ये लावला होता, जर्नलमध्ये आकृती काढून सही घेतली होती. पण गाडीत बसवताना मनात आलं ते एवढंच, की बाराच व्होल्ट तर आहेत, रिले कशाला.

ही चूक काय होती ते आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्यावर उभा आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की घरातली २३० व्होल्ट वीज धोक्याची आणि १२ व्होल्ट म्हणजे खेळण्यातली. माणसाच्या अंगाच्या बाबतीत हे खरं. वायरच्या बाबतीत बरोबर उलटं. समजा पंखा १२० वॉटचा आहे. तो घरच्या विजेवर चालला तर वायरमधून साधारण अर्धा अँपिअर जाईल. तोच पंखा १२ व्होल्टवर चालवायचा तर दहा अँपिअर लागतात. आणि वायर तापते ती व्होल्टवर नाही, अँपिअरच्या वर्गावर. म्हणजे तीच वायर गाडीत साडेतीनशे पटीहून जास्त तापते. मी वापरली होती घरी दारावरच्या बेलसाठी आणलेली उरलेली पातळ वायर. तिच्यावर मोठ्या दिमाखात २५० व्होल्ट छापलेलं होतं.

आणि स्विच? स्विचच्या आत दोन पत्रे एकमेकांना टेकतात, तिथे थोडा रोध असतोच. समजा एक दशांश ओहम. दहा अँपिअरचा वर्ग शंभर, गुणिले एक दशांश, म्हणजे दहा वॉट. नखाएवढ्या जागेत दहा वॉट उष्णता. मी डॅशबोर्डखाली एक छोटं सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवलं होतं म्हणा ना. शिवाय पंखा सुरू होतानाचा पहिला झटका त्याच्या कितीतरी पट. आणि फ्यूज? नव्हताच.

वायरमनच्या त्या प्रश्नानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. मला वाटत होतं की गाडीत इलेक्ट्रिक पंखा ही अगदी साधी गोष्ट, मोटर आली असेल तेव्हाच पंखा आला असेल. पण तसं झालेलं नाही. विजेवर चालणारा टेबल पंखा अमेरिकेत १८८० च्या दशकात आला. कार्ल बेंझची मोटारगाडी १८८६ ची. म्हणजे दोघं जवळजवळ जुळे भाऊ. आणि तरीही साध्या, सर्वसामान्य माणसाच्या गाडीत विजेचा पंखा रुळायला १९७० उजाडावं लागलं. ऐंशी वर्षं हे दोघं एकमेकांना भेटले का नाहीत?

सुरुवात गाडी तापण्यापासूनच करू. बेंझच्या गाडीत रेडिएटर नव्हताच. इंजिनाभोवती पाणी, ते उकळणार, वाफ होऊन उडून जाणार, आपण नवीन ओतायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ही गाडी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेली. शंभर किलोमीटरच्या थोडं वर. मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. या प्रवासात तिला वाटेत मिळेल तिथून पाणी घेऊन सारखं भरावं लागत होतं. आणि इग्निशनच्या एका वायरचं आवरण गेलं तेव्हा तिनं आपल्या मोज्याच्या पट्ट्यानं ती वायर गुंडाळली असं सांगतात. पहिल्याच लांबच्या प्रवासात गाडी तापणं आणि उघडी वायर, दोन्ही. खंबाटकीत आम्ही काही नवीन केलं नाही तर.

मग आला विल्हेल्म मायबाख. १९०० साली डायमलर कंपनीत त्यानं जी ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज केली, तिचा रेडिएटर मधाच्या पोळ्यासारखा होता. सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, एकूण ८०७०, एकाला एक चिकटवलेल्या. नळ्यांच्या आतून वारा, बाहेरच्या फटींतून पाणी. एवढी भरभर उष्णता जायची की सगळ्या इंजिनाला नऊ लिटर पाणी पुरायचं. पण मायबाखला एक गोष्ट कळली होती: गाडी हळू चालली की वारा नाही. म्हणून त्यानं रेडिएटरच्या मागे एक छोटा पंखा बसवला, इंजिनावरच फिरणारा. इंजिनाच्या जोरावर फिरणारा पंखा आणि त्याच्या पुढे रेडिएटर, ही जोडी पुढे साठ-सत्तर वर्षं टिकली. फोर्डच्या मॉडेल टी मध्येही तीच, आपल्या फियाटमध्येही तीच.

आता या जोडीतला विनोद बघा. इंजिनाला बांधलेला पंखा इंजिनाच्या वेगानं फिरतो. गाडी हायवेवर सुसाट निघाली की इंजिन जोरात, पंखा जोरात. पण तेव्हा पंखा लागतोय कुणाला? समोरून वारा फुकट मिळतोय. आणि गाडी घाटात खोळंबलीय, वारा बिलकूल नाही, तेव्हा इंजिन आयडलवर आणि पंखा आळसावलेला. गरज असते तेव्हा कमी, गरज नसते तेव्हा भरपूर. वर पंखा फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि हायवेवर ४०००, तर वेग पाचपट पण पंख्यानं खाल्लेली ताकद १२५ पट. आणि त्यातली बहुतेक वाया. शिवाय तो घोंघावणारा आवाज. थंडीच्या सकाळी तर हा पंखा इंजिनाला धड गरमही होऊ द्यायचा नाही.

माझ्या रोजच्या कामात कुणी असं डिझाइन पुढे ठेवलं तर रिव्ह्यूमध्ये तिथेच परत पाठवलं असतं. पण इतिहासातल्या माणसांना आपण असं वरून बघू नये. पट्टा आणि पाती यांच्यात बिघडण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तुटला तर पट्टा कुठल्याही गावात मिळायचा. मामा डिकीत जास्तीचा पट्टा ठेवायचा, अजूनही ठेवतो.

लोकांनी मधले उपायही काढले. १९६० च्या प्यूजो ४०४ मध्ये पंखा आणि पट्टा यांच्यात विद्युतचुंबकाचा क्लच होता. इंजिन थंड असेल तर पंखा सुटा, तापलं की चुंबक त्याला धरणार. दुसरा उपाय म्हणजे सिलिकॉन तेलावर चालणारा क्लच, तो अजूनही ट्रकमध्ये दिसतो. पण हे दोन्ही पंख्याला फक्त सोडू शकत होते. इंजिन आयडलवर असताना पंखा जोरात फिरवणं त्यांनाही शक्य नव्हतं, कारण ताकद शेवटी त्याच पट्ट्यातून यायची.

मग सरळ मोटर का नाही लावली? बॅटरी होती, मोटरही होती. १९१२ पासून कॅडिलॅकची गाडी इलेक्ट्रिक स्टार्टरवर सुरू होत होती. माझ्या मते यामागे दोन कारणं होती, आणि दोन्ही सुटली साधारण एकाच दशकात.

पहिलं कारण डायनॅमो. जुन्या गाड्यांमध्ये वीज डायनॅमो बनवायचा, आणि डायनॅमो आयडलवर जवळजवळ झोपलेला असतो. जुनी फियाट किंवा अँबेसेडर चालवलेल्यांना आठवत असेल, सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळट पडायचे आणि चार्जिंगचा लाल दिवा मिचमिचायचा. म्हणजे नेमकं ज्या वेळी इलेक्ट्रिक पंखा लागणार, त्याच वेळी त्याला द्यायला घरात वीज नाही. सगळा भार बॅटरीवर. हे सुटलं अल्टरनेटरमुळे. अल्टरनेटरची कल्पना जुनीच, पण त्यातली उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करायला छोटे, स्वस्त सिलिकॉन डायोड हवे होते, ते १९५० च्या दशकाच्या शेवटी मिळू लागले. क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटवर अल्टरनेटर दिला आणि पुढच्या दशकभरात बाकीचे त्या वाटेनं गेले. अल्टरनेटर आयडललाही कामाची वीज देतो.

दुसरं कारण जास्त मजेशीर. जोवर इंजिन गाडीत उभं बसवलेलं होतं, म्हणजे त्याची लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेनं, तोवर पट्ट्याची बाजू आपोआप रेडिएटरकडे तोंड करून असायची. पंखा बसवायची आयती जागा. मग गाड्या लहान करायच्या म्हणून इंजिन आडवं झालं. १९५९ ची मिनी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. इंजिन आडवं झालं आणि पट्टा डाव्या-उजव्या चाकाकडे बघायला लागला. आता रेडिएटर ठेवायचा कुठे? अलेक इसिगोनिसनं मिनीमध्ये पट्ट्याचा पंखा सोडला नाही, त्यानं रेडिएटरच उचलून बाजूला, चाकाच्या कमानीपाशी नेला. पंख्यासाठी रेडिएटर हलवला! समोरचा फुकटचा वारा सोडून.

याचं उलटं उत्तर दिलं तूरिनमधल्या एका माणसानं. दान्ते जाकोझा. फियाटचा मुख्य डिझायनर, १९०५ चा जन्म. त्याच्या हाताखाली १९६९ मध्ये फियाट १२८ आली. आडवं इंजिन, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स, चालणारी चाकं पुढची. आणि रेडिएटर? मिनीसारखा बाजूला नाही, समोर वाऱ्यातच ठेवला आणि पंखा इंजिनापासून पूर्ण सोडवला. रेडिएटरवर स्वतंत्र इलेक्ट्रिक पंखा, तापमानाच्या स्विचवर आपोआप चालू-बंद होणारा. पुढच्याच वर्षी ती युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांचं बॉनेट उघडा, मांडणी तीच.

हे वाचत होतो तेव्हा जाकोझाच्या जुन्या कामांची यादी समोर आली आणि मी मामाला फोन लावला. कारण १९३७ ची पहिली फियाट ११०० जाकोझाची. १९५३ मध्ये नव्यानं केलेली ११०० पण त्याचीच. तिचंच पुढचं रूप, ११०० डी, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायला लागलं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली ही कंपनी. त्या गाडीचं नाव पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झालं. म्हणजे ज्या माणसानं इंजिनापासून पंखा सोडवला, त्याच माणसाची आधीची, पट्ट्याच्या पंख्याची गाडी आम्ही खंबाटकीत ढकलत होतो. मामा फोनवर एवढंच म्हणाला, "म्हणजे त्यानं दुरुस्त केलं, पण आमच्यापर्यंत पोचलंच नाही म्हण की."

बरोबर आहे त्याचं. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं, म्हणजे १२८ आली त्याच साली. आपल्याकडे ती पुढे तीस वर्षं बनत राहिली. परवाने, कोटे, गाडीसाठी वर्षानुवर्षांची रांग, या सगळ्यात कंपनीला पंखा बदलायचं काही कारणच नव्हतं, जे बनेल ते विकलं जात होतं. इलेक्ट्रिक पंखा आपल्या मध्यमवर्गीय दारात आला तो १४ डिसेंबर १९८३ ला बाजारात आलेल्या मारुती ८०० बरोबर: आडवं इंजिन, रेडिएटर समोर, त्यावर विजेचा पंखा. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरतोय म्हणून शेजारी सांगायला यायचे, अशा गोष्टी ज्यांच्या घरी पहिली मारुती आली त्यांच्याकडून तुम्हीही ऐकल्या असतील. आणि मुंबईत मात्र पट्ट्याचे पंखे आयुष्यभर सिग्नलला हाशहुश करत राहिले. काळीपिवळी पद्मिनींतली शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांच्या नियमानं ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी लोकांनी फोटो काढले, स्टेटस ठेवले. मला वाईट वाटलंच, पण मे महिन्यात सायनच्या सिग्नलला त्या बॉनेटमागे बसून बारा तास काढणाऱ्या चालकांच्या पायांना ते इंजिन कसं लागत असेल, हेही डोक्यात आलं.

आता परत वायरमनच्या प्रश्नाकडे. पंखा सुटला, पण त्याला चालू-बंद करणार कोण? दहा अँपिअर डॅशबोर्डपर्यंत आणायचे नाहीत हे तर मी बोट भाजून शिकलो होतो. त्याचं उत्तर गाडीच्या जन्माच्या पन्नास वर्षं आधीच तयार होतं.

१८३५ च्या सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टनला जोसेफ हेन्री नावाचा प्राध्यापक होता. त्यानं विद्यार्थ्यांना दाखवलं की लांबच्या तारेतून आलेली, थकलेली, क्षीण वीज स्वतः काही मोठं काम करू शकत नसली तरी एक छोटा विद्युतचुंबक हलवू शकते. आणि तो चुंबक शेजारच्या दणकट बॅटरीचं सर्किट उघडू-मिटू शकतो. काम दणकट बॅटरी करणार, हुकूम मात्र क्षीण विजेचा. हाच रिले. १८४४ मध्ये मोर्सनं वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार चालवली, आणि तारयंत्र शेकडो मैल पुढे गेलं ते याच युक्तीवर: एका टप्प्यावर थकलेला संदेश आला की तिथल्या ताज्या बॅटरीनं तो पुढे पाठवायचा. रिले हा शब्दच मुळात टपालाचे घोडे बदलायच्या टप्प्याचा. आपल्याकडची तार १८५० च्या दशकात सुरू झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचा रिले मात्र तुमच्या पार्किंगमधल्या गाडीत अजून टक् टक् करतोय.

अजून एक गंमत. रिलेची कॉइल बंद करताना तिच्यात विजेचा उलटा झटका उठतो. तो आवरायला बऱ्याच रिलेंमध्ये कॉइलला समांतर एक डायोड किंवा रोध बसवलेला असतो. हा झटका ज्या गुणधर्मामुळे येतो तो शोधणाऱ्यांतही हेन्रीच होता, त्याच्या एककाला म्हणूनच हेन्री म्हणतात. म्हणजे त्या छोट्या काळ्या डबीत उपायही त्याचा आणि उपद्रवही त्याचाच.

आणि रिलेला हुकूम कोण देणार? रेडिएटरमध्ये बसणारा थर्मोस्विच. पितळी बोल्टसारखा दिसतो, त्यावर दोन आकडे कोरलेले असतात, समजा ९२ आणि ८७. ९२ अंशाला चालू, ८७ ला बंद. मधले पाच अंश मुद्दाम सोडलेले, नाहीतर पंखा एकाच अंशावर चालू-बंद, चालू-बंद करत बसेल. यातल्या बऱ्याच स्विचमध्ये आत दोन धातूंची जोडचकती असते, तापली की वाकून टक् करून पलटणारी. दोन धातू जोडून उष्णतेवर वाकवायची युक्ती अठराव्या शतकातल्या जॉन हॅरिसनची. समुद्रावर रेखांश काढायला अचूक घड्याळ हवं म्हणून आयुष्य घालवलेला इंग्रज सुतार. उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढेमागे होऊ नये म्हणून त्यानं ती पट्टी केली होती. फियाटच्या रेडिएटरपर्यंत ती पोचेल हे त्याच्या स्वप्नातही नसणार.

तर वायरमननी माझं काम असं दुरुस्त केलं. त्यांनी मला बाजूला बसवलं नाही, माझ्याच हातून करून घेतलं. आधी रिले उलटा करून त्याच्या पायांवरचे आकडे वाचायला लावले: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे मला नेहमी कुणीतरी मनाला येईल तसे टाकल्यासारखे वाटायचे. ते जर्मन मानकातून आलेले आहेत, डीआयएन ७२५५२. त्या यादीत १ नंबर इग्निशन कॉइलचा, १५ चावीनंतरच्या विजेचा, ३० थेट बॅटरीचा, ३१ अर्थचा, ५० स्टार्टरचा. वायरमनना डीआयएन वगैरे काही माहीत नव्हतं. पण "तीस म्हणजे बॅटरी, कधी मरत नाही ती" हे त्यांचं वाक्य मला जर्नलमधल्या आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

बॅटरीच्या धन टोकापासून जाड वायर निघाली, आणि वीतभर अंतरावरच तिच्यात फ्यूज. मी विचारलं, पंख्याजवळ का नको? ते म्हणाले, "फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर सुरू होते तिथं तो पाहिजे." फ्यूजच्या पुढे वायर कुठेही घासून बॉडीला टेकली तरी फ्यूज जाईल, गाडी जाणार नाही. तिथून ३० ला. ८७ वरून पंख्याला. पंख्याची दुसरी वायर थेट बॉडीला, आणि तिथला रंग पॉलिश पेपरनं खरवडून, पत्रा चकाकेपर्यंत. मी आधी रंगावरच स्क्रू पिळला होता. ८६ ला चावीची वीज. ८५ पासून बारीक वायर थर्मोस्विचला, आणि थर्मोस्विच अर्थला. डॅशबोर्डवरचा काळा स्विचही नवा घेऊन ठेवला, थर्मोस्विचच्या समांतर, म्हणजे मामाला वाटेल तेव्हा पंखा हातानं लावता येईल. या वेळी त्या स्विचमधून जाणार होता तो कॉइलपुरता, साधारण दीड दशांश अँपिअर. आधी जिथे दहा वॉट जळत होते तिथे आता दोन-अडीच मिलिवॉट.

गाडीत अल्टरनेटर आहे का, हे त्यांनी सगळ्यात आधी विचारलं होतं. मामानं पूर्वीच कधीतरी डायनॅमो काढून बसवून घेतला होता. नसता तर पंखा बसवणारच नाही म्हणाले.

सगळं झाल्यावर त्यांनी खिशातून एक जुनी पावती काढली आणि ग्रिलसमोर धरली. मी स्विच लावला. पावती ग्रिलला चिकटण्याऐवजी त्यांच्या हातातून उडून अंगणात गेली. मी पंख्याच्या दोन वायरा उलट जोडल्या होत्या. पंखा वारा आत ढकलण्याऐवजी बाहेर फेकत होता. वायरा बदलल्या, पावती परत आणली, ग्रिलला धरली. चिकटली.

इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं बॉनेटपाशी उभे राहिलो. आजी ओट्यावरून बघत होती. काटा अर्ध्यावर आला, थोडा वर गेला. मग डॅशबोर्डच्या मागे कुठंतरी टक् झालं आणि कुणी हात न लावता पंखा सुरू झाला. साडेतीन-चार मिनिटांनी परत टक्, बंद. वायरमननी स्विचवर बोट ठेवून बघितलं, मग माझं बोट धरून त्यावर ठेवलं. गार होता.

या वर्षी मे महिन्यात परत त्याच रस्त्यानं गेलो. खंबाटकीत गर्दी होतीच. मामानं स्विचला हात लावला नाही, पण घाट सुरू झाल्यावर रेडिओ बंद केला, टक् ऐकू यावं म्हणून.